कॉलेजात वाहतूक अभ्यास केंद्र काढायचंय, पहिल्या वर्षी नेमकं काय करावं?

पिवळा_दिवा

नमस्कार मंडळी,

जिल्ह्याच्या गावचं अभियांत्रिकी कॉलेज, सिव्हिल विभाग. वाहतूक धोरण, संशोधन आणि प्रशिक्षण अशी तिन्ही कामं करणाऱ्या केंद्राला विद्यापीठाची तत्त्वतः मान्यता मिळाली आहे. मनुष्यबळ: दोन प्राध्यापक, एक लॅब असिस्टंट, एम.टेक.ची सहा मुलं. पैसे बेताचेच. महापालिकेचं पहिलं काम दारात उभं आहे: एसटी स्टँडजवळच्या चौकात सिग्नल बसवावा की नाही, ते सांगा.

खरेदीच्या यादीत सध्या सिम्युलेशन सॉफ्टवेअर, ड्रोन आणि रस्त्यावर आडव्या टाकायच्या हवेच्या नळ्यांचे काउंटर आहेत. प्रस्तावात नमुना म्हणून सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटचं नाव घातलंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) अशी केंद्रं प्रत्यक्षात चालतात कशी?
२) यादीतलं काय ठेवावं, काय काढावं?
३) चौकाची मोजणी कोर्टात किंवा स्थायी समितीत टिकेल अशी कशी करायची?

---

घाटमाथा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

मिनेटाचा नमुना चांगलाच आहे, पण इमारतीचे फोटो बघून तो उचलू नका. १९९१ च्या अमेरिकी भूपृष्ठ वाहतूक कायद्यातून ते केंद्र जन्माला आलं. तो कायदा घडवण्यात नॉर्मन मिनेटांचा मोठा वाटा होता. सॅन होजेचे महापौर, मग वीस वर्षं काँग्रेस सदस्य आणि २००१ ते २००६ वाहतूकमंत्री असा त्यांचा प्रवास. केंद्र आहे व्यवसाय व्यवस्थापनाच्या कॉलेजशी जोडलेलं, सिव्हिलशी नव्हे. तुमच्या प्रस्तावात हे लिहाच, कारण धोरणाचे निम्मे प्रश्न पैसा कुठून आणायचा आणि निर्णय कोण घेणार इथेच अडतात. त्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमसुद्धा वाहतूक व्यवस्थापनाचा आहे आणि नोकरी करणाऱ्यांना जमेल अशा वेळात चालतो.

त्यांच्याकडून उचलायची एकच गोष्ट निवडायची तर ही. २०१० पासून ते दरवर्षी अमेरिकेतल्या लोकांना विचारतात की वाहतुकीसाठी कुठला कर तुम्हाला चालेल. तिथला केंद्रीय पेट्रोल कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंट, तो काही हललेला नाही. पण मुख्य प्रश्न तेच ठेवून वर्षानुवर्षं विचारत राहिल्यामुळे लोकांचं मत कुठे सरकलं, हे आज त्यांना दाखवता येतं. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून ते दिसलंच नसतं.

पैशाचं म्हणाल, तर अमेरिकेत विद्यापीठांच्या वाहतूक केंद्रांची योजना १९८७ च्या कायद्यापासून आहे. तिच्यातल्या राष्ट्रीय आणि प्रादेशिक केंद्रांना सरकारी पैशाइतकाच पैसा बाहेरून उभा करावा लागतो. त्यामुळे राज्याचं वाहतूक खातं, शहर बससेवा वगैरे मंडळी पहिल्या दिवसापासून भागीदार असतात, आणि अहवाल कोण वाचणार हे काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानंतर अहमदाबादचं सेप्ट, आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि एनआयटी वारंगळ इथे नागरी वाहतुकीची उत्कृष्टता केंद्रं झाली. त्यांचं कामही बघा. तुमच्या रस्त्यावरची वाहनं सॅन होजेपेक्षा वारंगळला जवळची.

---

रोडरोलर

प्रश्न २ आणि ३. जरा लांबेल.

आधी यादी. हवेच्या नळ्या काढून टाका. त्या आसाचे धक्के मोजतात आणि दोन धक्क्यांमधल्या वेळेवरून वाहन ओळखतात. एका ओळीत एकामागून एक वाहनं येतात, हे त्यात गृहीतच धरलंय. आपल्याकडे नळीवरून एकाच क्षणी तीन दुचाकी आणि एक रिक्षा जाते. काउंटरला त्यात एखादा ट्रक दिसतो. सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी नको, कॅलिब्रेट करायला आकडेच नसतील तर ते नुसतं कार्टून आहे. ड्रोनची बॅटरी साधारण अर्ध्या तासात संपते आणि आपल्याला सोळा तास मोजायचंय, शिवाय परवानग्यांचं लचांड वेगळंच. घ्यायचंय ते हे: चार साधे कॅमेरे, चार १२८ जीबीची कार्डं, पॉवर बँका, मोजपट्टी, चाकाची मोजकाठी आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क. दोनच का, ते पुढे येईल.

आता चौक. चार फाटे, प्रत्येक फाट्यावरून डावं-सरळ-उजवं, म्हणजे बारा हालचाली, आणि प्रत्येकीत सात-आठ प्रकारची वाहनं. हातमोजणीला एका फाट्यावर निदान दोन माणसं लागतात. दोन तासांनी डोळे थकतात, मग बदली माणसं. सहा मुलांत हे बसत नाही. म्हणून व्हिडिओ.

कॅमेरा उंचावर हवा. विजेच्या खांबावर हात पोचेल तिथे बांधला की एसटी आडवी आली रे आली, तिच्यामागच्या दुचाकी गायब होतात. शिवाय त्या नेमक्या गर्दीच्या वेळी गायब होतात, म्हणजे चूक सगळीकडे सारखी पसरत नाही, शिखर तासातच साचते. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची मिळाली तर उत्तम. वाहतूक पोलिसांचं आणि इमारतमालकाचं पत्र जवळ ठेवा.

रेकॉर्डिंगचं गणित: ८ मेगाबिट प्रति सेकंद धरलं तर तासाला ३.६ जीबी, सोळा तासांना ५७.६ जीबी. ६४ चं कार्ड कागदावर पुरतं, प्रत्यक्षात काठावर येतं, म्हणून १२८. गाडीत लावायचा डॅशकॅम वापरणार असाल तर लूप रेकॉर्डिंग बंद करा. नाहीतर संध्याकाळचं शिखर सकाळच्या शिखरावर लिहिलं जातं, आणि हे कळतं दुसऱ्या दिवशी.

घड्याळं. चारही कॅमेऱ्यांच्या घड्याळांत फरक असतोच. सुरू करताना आणि थांबवताना एकाच मोबाइलवरचं सेकंदांसकट घड्याळ प्रत्येक लेन्ससमोर दहा सेकंद धरा. एवढं केलं की घड्याळ किती सरकलं ते नंतर काढता येतं.

दिवस: मंगळवार ते गुरुवार, शाळा चालू असताना. आठवडी बाजाराचा दिवस यातून वगळायचा, पण सोडून द्यायचा नाही, त्याची मोजणी वेगळी करायची. एसटी स्टँडजवळचा चौक म्हटल्यावर बाजारचा दिवस हाच खरा पेपर. वेळ सकाळी ६ ते रात्री १०, आकडे दर पंधरा मिनिटांना. तासाचे आकडे लिहू नका. शाळा सुटण्याची गर्दी १२:३० ते १:३० असेल, तर १२ ते १ आणि १ ते २ अशा दोन खणांत ती अर्धी-अर्धी वाटली जाते आणि शिखर तास नाहीसाच होतो. सलग चार पंधरामिनिटांची बेरीज सरकवत न्या, सगळ्यात मोठी येईल तो शिखर तास.

व्हिडिओ मोजणं: चार फाट्यांचे १६ तास म्हणजे ६४ तासांचं चित्रण. एका बैठकीत सगळे प्रकार मोजू नका. पहिल्या फेरीत दुचाकी, दुसऱ्या फेरीत रिक्षा आणि मोटारी, तिसऱ्या फेरीत उरलेलं. झाले १९२ तास, मुलामागे ३२. एवढा वेळ वेळापत्रकात धरला नाही की मुलं दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवतात, आणि सायकली सगळ्यात आधी गळतात. मग दहा टक्के खण दुसऱ्या मुलाकडून पुन्हा मोजून घ्या. कुठल्याही प्रकारात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर त्या मुलाचा त्या फेरीचा सगळा भाग पुन्हा.

आणि मूळ व्हिडिओ दोन डिस्कवर, दोन वेगळ्या खोल्यांत. स्थायी समितीत कुणी "हा आकडा आला कुठून?" विचारलं की चालवून दाखवायला तेच लागतं.

---

पिवळा_दिवा

रोडरोलर, फार मोलाचं लिहिलंत. नळ्या यादीतून गेल्या.

दोन शंका. वाहनं आपोआप मोजणारं सॉफ्टवेअर घेतलं तर ते १९२ तास वाचतील का? आणि पीसीयू, म्हणजे एक मोटार १ धरून प्रत्येक वाहनाला द्यायचा भार, कुठले धरायचे? आमच्याकडे आजवर दुचाकीला सरसकट ०.५ धरतात.

---

रोडरोलर

आपोआप मोजणी वापरा, पण एकूण आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका. रिक्षा मोटारीत गेली, दोन दुचाकी मिळून एक झाल्या, छोटा हत्ती कधी मोटार तर कधी ट्रक झाला, या चुका एकमेकींना खातात आणि बेरीज छान येते. प्रत्येक प्रकाराचा हातमोजणीशी वेगळा ताळा घ्या. संध्याकाळी दिवे लागल्यानंतरचा ताळा तर स्वतंत्रच, कारण हेडलाइटच्या झगमगाटात यंत्राला एकच पांढरा गोळा दिसतो.

सरसकट ०.५ हे मात्र चूक. आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) १०६ या मार्गदर्शिकेच्या १९९० च्या आवृत्तीत प्रत्येक वाहनाला दोन आकडे आहेत: प्रवाहात त्याचा वाटा ५ टक्के असेल तेव्हाचा, आणि १० टक्के किंवा जास्त असेल तेव्हाचा. मधल्या टक्क्यांना त्या प्रमाणात काढायचं. दुचाकी ०.५ आणि ०.७५, रिक्षा १.२ आणि २.०, बस-ट्रक २.२ आणि ३.७, सायकल ०.४ आणि ०.५.

समजा एका फाट्यावर पंधरा मिनिटांत २४० दुचाकी, ४५ रिक्षा, ६० मोटारी, ६ बस-ट्रक आणि १२ सायकली, एकूण ३६३. दुचाकींचा वाटा ६६ टक्के, रिक्षांचा १२. म्हणजे या दोघांना दुसरा रकाना, बस-ट्रक आणि सायकलींना पहिला. १८० + ९० + ६० + १३.२ + ४.८ = ३४८ पीसीयू. सगळ्यांना पहिलाच रकाना लावलात तर १२० + ५४ + ६० + १३.२ + ४.८ = २५२. रस्ता तोच, वाहनं तीच, आणि उत्तर ३८ टक्क्यांनी वेगळं.

---

त्रिकोणी_चाक

रोडरोलरांच्या गणिताला एक जोड, नाहीतर पिवळा_दिवा थेट खड्ड्यात जातील.

१०६ मधले पीसीयू रस्त्याच्या मधल्या पट्ट्यासाठी आहेत. सिग्नलच्या हिशोबाला ते उचलू नका. सिग्नलला दुचाकी फटीतून पुढे येऊन झेब्र्यावर थांबतात आणि हिरवा होताच एकदम निघतात, त्यामुळे तिथे त्यांचा भार कमी धरावा लागतो. २०१७ च्या इंडो-एचसीएममध्ये (भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची पुस्तिका) सिग्नलसाठी वेगळे पीसीयू आणि त्यांच्याशी जुळणारा सॅच्युरेशन फ्लो, म्हणजे सलग हिरवा असेल तर तासाला जास्तीत जास्त किती वाहतूक सुटेल तो आकडा, दिला आहे. बऱ्याच अहवालांत होतं काय, की वाहतूक मोजतात १०६ च्या पीसीयूत आणि सॅच्युरेशन फ्लो घेतात आयआरसीच्याच एसपी ४१ मधलं ५२५ गुणिले रुंदी. दोन वेगळ्या तराजूंतली मापं झाली ती. एकाच पुस्तकाला धरून रहा.

परिणाम बघा. सगळ्या बाजूंचे दिवे एकदा फिरून यायला लागणारा वेळ म्हणजे सायकल टाइम. वेबस्टरच्या सूत्राने सायकल टाइम = (१.५ × वाया जाणारा वेळ + ५) ÷ (१ − Y), इथे Y म्हणजे प्रत्येक फेजमधल्या (एकाच वेळी हिरवा मिळणाऱ्या हालचालींच्या गटातल्या) प्रवाह-क्षमता गुणोत्तरांची बेरीज. वाया जाणारा वेळ १२ सेकंद धरा, वर आले २३. Y जर ०.६५ असेल तर २३ ÷ ०.३५, म्हणजे ६६ सेकंद. आता पीसीयू ३८ टक्के फुगवा. Y जवळपास ०.९ होतो आणि सायकल टाइम २३० सेकंद. पावणेचार मिनिटांच्या फेरीत लाल दिव्याला थांबणारी माणसं आपल्या गावात तरी नाहीत. तिसऱ्या दिवशी सिग्नल पिवळ्यावर लुकलुकत असेल, आणि लोक म्हणतील सिग्नलच वाईट.

(आयडी पिवळा_दिवा असलेल्या माणसाला हे सांगावं लागतंय, योगायोग म्हणायचा.)

---

नकाशावाली

सगळे वाहनांवरच बोलताय. एसटी स्टँडसमोर सिग्नलचा निर्णय पायी चालणाऱ्यांवरून व्हायला हवा.

आयआरसी १०३ ची जुनी कसोटी अशी: शिखर तासात रस्ता ओलांडणारी माणसं P, दोन्ही दिशांची वाहनं V. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर P × V² दहा कोटींच्या वर गेलं, किंवा दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या वर गेलं, तर नियंत्रित ओलांडणी हवी. उदाहरण घ्या: ६०० माणसं, ५०० वाहनं. ६०० × २,५०,००० = पंधरा कोटी. दुभाजक नसेल तर कसोटी पार, असेल तर नापास. त्यामुळे गोट्यांसारखे ठेवलेले सिमेंटचे ठोकळे दुभाजक धरायचे का, हे मोजणीआधी लिहून ठरवा. नंतर ठरवलंत तर हवं ते उत्तर आणण्यासाठी ठरवलं असा आरोप होतो.

P मोजताना नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त झेब्र्यावर मोजणं. झेब्रा पुसलेला असतो, किंवा तो उतरतो थेट रिक्षा थांब्यात. माणसं मग पन्नास मीटर अलीकडून जातात. चौकाच्या प्रत्येक बाजूला तेवढी लांबी कॅमेऱ्यात घ्या. आणि रस्ता इतका अवघड असेल की म्हाताऱ्या माणसांनी ओलांडणंच सोडलंय, तर P कमी दिसेल आणि कसोटी म्हणेल की गरज नाही. हे आकड्यात पकडता येत नाही. त्यासाठी स्टँडवर उतरणाऱ्यांना विचारा की पलीकडे जायला काय करता. रिक्षा करून रस्ता ओलांडणारी माणसं भेटली तर अहवालात ती नोंद स्वतंत्रपणे जाऊ द्या.

वेगाबद्दल. स्टॉपवॉचने ३० मीटरवर वेग काढू नका. ताशी ५० ने जाणारं वाहन ते अंतर २.१६ सेकंदांत कापतं. घड्याळ सुरू करायला हाताला ०.२ सेकंद उशीर झाला की उत्तर ५५ येतं. अंतर ६० मीटर केलं तर तीच चूक ५२ वर थांबते. व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल तर एक फ्रेम ०.०४ सेकंद, तोच मार्ग बरा. रडार गन असेल तर वाहनाच्या दिशेशी कोन कमी ठेवा, २० अंशांवर ५० चे ४७ दिसतात. किती वाहनं मोजायची? वेगांचं प्रमाण विचलन ताशी ८ किमी आणि चालणारी चूक २ किमी धरली, तर ९५ टक्के खात्रीला ६२. पण ती येतील तशी घ्या. मुलं नकळत जोरात जाणाऱ्यांचाच वेग घेतात.

अपघातांची नोंद पोलिसांकडून लेखी मागा, तीन वर्षांची. आयआयटी मद्रासने घडवलेल्या आणि एनआयसीने (केंद्र सरकारची संगणक संस्था) राबवलेल्या आयरॅड या प्रणालीत आता ठिकाणाचे अक्षांश-रेखांश येतात. तरी दहा-वीस नोंदी नकाशावर टाकून बघा. ठिपके पोलीस ठाण्याच्या आवारात पडत असतील, तर नोंद घटनास्थळी नव्हे, ठाण्यात बसून भरली गेली आहे. त्याआधीच्या एफआयआरमध्ये "अमक्या हॉटेलच्या पुढे" एवढंच असतं, आणि ते हॉटेल मध्यंतरी बंद पडलेलं असतं. ठाण्यातल्या जुन्या हवालदाराला सोबत घेऊन एकदा चालत फिरा.

---

त्रिकोणी_चाक

+१. फक्त एक: P × V² चा निकाल उंबरठ्याच्या आसपास आला तर V मधली पाच टक्के चूक वर्गामुळे दहा टक्के होते. तुमच्या पंधरा कोटींचे साडेसोळा होतील. अहवालात एकच आकडा न देता इतक्यापासून इतक्यापर्यंत असा टप्पा द्या.

---

घाटमाथा

धोरण हा शब्द केंद्राच्या नावात आहे, म्हणून आणखी थोडं.

रोडरोलरांच्या त्याच पंधरा मिनिटांतल्या ६ बस-ट्रकपैकी ४ बस आहेत आणि प्रत्येकीत ४० माणसं आहेत असं धरा. १६० माणसं ८.८ पीसीयूत गेली. ६० मोटारींत प्रत्येकी दोन धरली तर १२० माणसांना ६० पीसीयू लागले. २००६ च्या धोरणाचं म्हणणं हेच, की रस्ता वाहनांसाठी नाही, माणसांसाठी. तेव्हा वाहनांत माणसं किती, तेही मोजा. नमुन्यादाखल पुरतं, दर पंधरा मिनिटांतली पाच.

आपण काय मोजतो यावर निकाल कसा फिरतो, त्याचा धडा दिल्लीत आहे. तिथला आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका असलेला) मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. त्यामागे आयआयटी दिल्लीच्या वाहतूक संशोधन आणि इजा प्रतिबंध कार्यक्रमाचा अभ्यास होता. मोटारवाल्यांची तक्रार होती की आमचा खोळंबा होतो, मार्गाच्या बाजूने असलेल्यांची मांडणी होती की बसमधली माणसं मोजा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०१२ मध्ये याचिका फेटाळली गेली, आणि तरीही २०१६ मध्ये मार्ग उखडला गेला. तुमच्या केंद्रात धोरणाचा पहिला तास याच प्रकरणावर घ्या.

प्रशिक्षणासाठी भाषणं ठेवू नका. महापालिकेचे कनिष्ठ अभियंते आणि वाहतूक शाखेचे अंमलदार मिळून पंधरा जण, दोन दिवस. पहिल्या सकाळी त्याच चौकात उभं राहून एक तास मोजणी, दुपारी एकमेकांचे आकडे ताडून बघणं, दुसऱ्या दिवशी सिग्नलचं गणित कागदावर. दोन माणसांनी एकाच फाट्याचे मोजलेले आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले की बाकीचं फारसं सांगावं लागत नाही.

---

पिवळा_दिवा

सगळ्यांचे आभार. यादी बदलली: कॅमेरे, कार्डं, दोन डिस्क, मोजकाठी. अर्थशास्त्राच्या एका मॅडमना केंद्रात घ्यायचं ठरलं. महापालिकेकडून पत्र यायचं आहे. त्यात काय असायलाच हवं?

---

नकाशावाली

चार कलमं, आणि ती मोजणीच्या आधी सहीसकट हातात.

एक, प्रश्न. "चौकाचा अभ्यास" असं नको, "सिग्नल, गोल चौक की फक्त पादचारी ओलांडणी, यांपैकी काय" असं. दोन, डेटा. मूळ मोजणी केंद्राकडे राहील आणि अहवाल दिल्यानंतर ९० दिवसांनी केंद्र ती खुली करू शकेल. हे कलम नसेल तर नावडता निकाल कपाटात जातो आणि पाठोपाठ तुमचे आकडेही. खुलं करताना फक्त तक्ते द्या, व्हिडिओ नको, त्यात माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर असतात. तीन, निकाल "सिग्नल नको" असा आला तरी पैसे तेवढेच. चार, सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने त्याच चौकात, त्याच गच्चीवरून, त्याच पंधरामिनिटांच्या खणांत पुन्हा मोजणी, आणि तिचा खर्च आत्ताच धरलेला.

चौथं कलम खोडायला बघतील. तिसरं सोडावं लागलं तरी चालेल, पण चौथं सोडू नका.

---

रोडरोलर

आणि गच्चीवर कॅमेरा जिथे ठेवलात तिथे ऑइल पेंटने खूण करा, उंची आणि दिशा वहीत लिहा. सहा महिन्यांनी तिथे पाण्याची टाकी आलेली असू शकते, तेव्हा मालकाला आत्ताच विचारून ठेवा.